देवाला वाहिलेली पिन

त्या वर्षी दिवाळी सरली तरी आभाळ हटेना. तळवड्याच्या पत्र्याच्या शेडांवर ढग असे ठाण मांडून बसले होते, जणू त्यांनाही कुणी अकरा महिन्यांचा करार करून दिलाय. ऊन नाही, पाऊस नाही, नुसता दमटपणा. अशा हवेत लोखंड आजारी पडतं. लक्ष्मणरावांच्या वर्कशॉपात सकाळी ग्राइंडिंग करून काढलेली पिन संध्याकाळी तांबूस दिसायला लागायची. उघडं बोट लागलं तर विचारूच नका. घामाचा ठसा दोन दिवसांत गंजून असा उमटायचा, की त्यातली रेघ न् रेघ मोजून घ्यावी. या शेडात चोरी झाली तर पोलिसांना पावडर-बिवडर काही लागायची नाही, नुसतं दोन दिवस चहा पीत बसलं की चोर आपोआप उमटेल, असं शेजारच्या शेडातले म्हणायचे.

म्हणून सगळ्यांना पांढरे हातमोजे, आणि तपासून झालेली पिन लगेच तेलात.

तपासायचं टेबल कस्तुराचं. कस्तुरा पाटोळे, नेवाशाकडची, ख्रिस्ती. बारा वर्षं त्याच टेबलाशी, त्याच डुगडुगत्या स्टुलावर. पिन जाडी मोजायच्या डायलखाली सरकवायची, काटा शून्यावर राहिला तर तेलात, हलला तर नापास, लाल पेटीत. एका शिफ्टला हजारभर पिना. पण डायलला स्वतःची अक्कल नसते. शून्य म्हणजे किती, हे त्याला रोज सकाळी शिकवावं लागतं, आणि ते शिकवतो मास्टर. मास्टर म्हणजे दिसायला तसलीच पिन, करंगळीएवढी. पण लॅबमधून मोजून, दाखला घेऊन आलेली, केसाच्या शंभराव्या हिश्शाचाही फरक नसलेली. लाकडी डबीत, मखमलीच्या खाचेत तो झोपायचा. डबी कपाटात, कपाटाची किल्ली कस्तुराच्या कमरेला. दुसरी किल्ली खुद्द लक्ष्मणरावांकडं.

लक्ष्मणराव तळवड्याचेच. जिथं त्यांच्या आज्याचा हरभरा डोलायचा तिथं आता दोन ग्राइंडिंग मशिनं घुमत होती. लक्ष्मणरावांचा आवाज असा, की शेडात शिंकले तर चाकणच्या कंपन्यांत दुसऱ्या शिफ्टची बेल झाली असं वाटून लोक डबे उघडायचे. कस्तुराला कामावर घेताना त्यांनी एकच विचारलं होतं.

"रविवारी येनार न्हाई म्हंता. मग बाकीचं सा दिस खरं बोलनार का?"

"सातही दिवस बोलते, अण्णा."

"मग किल्ली ठेवा तुमच्यापाशी. तुमाला तुमच्या देवाचं भ्या हाय. आमच्या पोरान्ला कुनाचंच न्हाई."

ही गोष्ट कस्तुरानं बारा वर्षांत किती जणांना सांगितली असेल, त्याचा हिशेब देवालाच ठाऊक.

तर ख्रिस्ती मंडळींचा हंगामाचा सण जवळ आला. गावाकडं हा सण म्हणजे देवळात बाजरीची कणसं, वांगी, कोंबड्या, एखादं करडू. देवाला वाहायचं, मग पाळकसाहेबांनी उभं राहून लिलाव पुकारायचा. नेवाशाला एकदा एक कोंबडा असा निघाला होता म्हणतात, की बोली थांबली की आरवायचा आणि चढली की गप्प बसायचा. शेवटी पाळकसाहेबांनीच त्याला घेतला, आणि तो पुढं चार वर्षं उपासनेची वेळ सांगत राहिला. पण इथं तळवड्या-चिखलीला आलेल्या मंडळींकडं कसलं शेत? ज्याच्या हाताला जे पिकतं ते त्यानं आणायचं, असा रिवाज पडला. कुणी बुश, कुणी गिअर, कुणी स्प्रिंग. चांगला नग गेटबाहेर नेता येत नाही, म्हणून सगळे आपापल्या कंपनीतला रिजेक्ट नग सायबाला विचारून आणायचे, घासून-पुसून, रुमालात बांधून. लिलावात घेणारा दुप्पट आनंदानं पैसे द्यायचा, आणि सगळे एकच नियम पाळायचे: आपलं फळ आपण बोलीत घ्यायचं नाही.

कस्तुरानं यंदाही लाल पेटीतली एक पिन बाजूला काढली होती. टोकाशी बारीक चीर गेलेली, म्हणून ग्राइंडिंगला अर्धवटच सोडलेली. बाकीच्यांपेक्षा बारा मायक्रॉन जाड. म्हणजे डोळ्याला काहीच नाही, पण डायलला डोंगराएवढी. जेवणाच्या सुट्टीत ती आठ दिवस घासत होती.

"यंदा काय न्हेनार देवाला?" सासू छबूबाईनं मेथी निवडता निवडता विचारलं.

"लाल पेटीतली एक पिन काढलीय, आई."

"म्हंजी फेकायचीच ना ती?"

"चांगली नेता येत नाही."

छबूबाईनं मेथीची काडी खाली ठेवली. "आमी कोंबडा द्यायचो तो खुराड्यातला पैल्या नंबरचा. लंगडा कदी न्हेला न्हाई. तुमी शहरात आलाव आन् देवाला भंगार वाहायला लागलाव. देव काय भंगारवाला हाय, भोंगा लावून गल्लीत फिरनारा?"

ते वाक्य कस्तुराच्या मानेला घासकागदासारखं लागलं. खरंच की. देवाला निर्दोष तेच द्यायचं, हे लहानपणापासून ऐकत आलेली ती. आणि तिच्या कपाटात, तिच्या किल्लीखाली, तालुक्यात नसेल अशी निर्दोष वस्तू झोपलेली.

आणखी एक होतं, ते तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी रहाटणीच्या कुसुमताईनं क्रोम केलेला गिअर आणला होता. पाळकसाहेबांनी तो उंच धरला तेव्हा खिडकीतलं ऊन त्यावर पडून अख्ख्या मंडळीवर चांदण्या नाचल्या. कस्तुरा तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं गायली होती, पण डोळे मिटून नव्हती गायली.

शनिवारी सुट्टीची बेल झाली. किसन, म्हणजे ग्राइंडिंगवरचा उदगीरचा गडी, हात धुवायला गेला. कस्तुरानं डबी उघडली. मास्टर उचलून रुमालात घेतला. रिकामी मखमल बघवेना, म्हणून घासलेली ती चिरेची पिन त्या खाचेत ठेवली. अगदी तशीच दिसत होती. कपाट बंद, किल्ली कमरेला. उद्या रविवार, शेड बंद. लिलावात नवऱ्यानं, रविराजनं, मास्टर सोडवायचा. सोमवारी सात वाजता तो परत डबीत. देवाला एक दिवस, मालकाला वर्षभर. यात चोरी कुठं आली?

"तुझ्याच गौरवासाठी," ती मनात म्हणाली. लगेच त्यामागून कुसुमताईचा चेहरा आला, न बोलावता.

रविवारी मास्टरनं देऊळ जिंकलं. हातमोजे घालून वेदीपुढं जाणं बरं दिसेना, म्हणून कस्तुरानं उघड्या चिमटीत धरून तो पाळकसाहेबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून बघितला, "काय हात आहे हो तुमचा!" म्हणाले, आणि पुढच्या बाकाकडं दिला. पुढच्यानं मागच्याला. बाई, बाप्या, म्हातारे, सगळ्यांनी तो बोटांवर खेळवला. "आरसाच की!" कुसुमताईनं त्यात स्वतःचा चष्मा सारखा केला. कस्तुरा बाकावर ताठ बसली होती. पोटात गोड गोड होत होतं. उपासाच्या दिवशी लाडू खाल्ल्यासारखं.

तेवढ्यात रविराजचा फोन थरथरला. तो कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. बाहेर जाऊन आला, वाकून म्हणाला, "चाकणला अचानक शिफ्ट लावलीय. गाडी काढावी लागतीय."

"आत्ता? अहो, लिलाव—"

"माणसं फाट्यावर उभी हायत. दुसऱ्या कुनाला सांग."

दुसऱ्या कुणाला काय सांगायचं? का सोडवायचा, म्हणून विचारलं तर?  पाळकसाहेबांनी मास्टर उंच धरला. बोली चढली, कुसुमताईनं शेवटचा हात वर केला. एकवार, दोनवार, तीनवार.

संध्याकाळी कस्तुरा रहाटणीला. कुसुमताईच्या शोकेसमध्ये, गिअरशेजारी, मास्टर उभा.

"ताई, तेवढी मला परत देता? बारा वर्षांतली आठवण आहे. मी दुसरी घासून देते."

"अगं, देवाच्या नावानं घेतलेलं परत कसं देऊ?" कुसुमताई गोड हसली. "आणि तू हे काय गं, देऊन परत मागतीस? चहा घे."

खरं कारण कस्तुराच्या दातांपर्यंत आलं. तिथून चहाबरोबर परत पोटात गेलं.

सोमवारी ती पावणेसातला शेडवर पोचली तर दार उघडं, आणि पिनांच्या पेट्या जागेवर नाहीत.

"कुठं गेल्या रे?"

"गेल्या की, ताई!" किसनचे डोळे जागरणानं लाल, पण चेहरा खूश. "काल सकाळी अण्णांचा फोन. चाकणला अर्जंट पायजे म्हणले. तुमचा रविवार, म्हणून तुमाला त्रास दिला नाही. अण्णांनी कपाट उघडून दिलं. मीच मास्टरवर डायल लावला, मीच ग्राइंडिंग केलं, मीच तपासलं. अकराशे पिना! एक बी लाल पेटीत नाही बगा."

कस्तुरा स्टुलावर बसली. स्टूल डुगडुगलं.

"डबीतल्याच मास्टरवर?"

"मग आणिक कशावर?"

ओरडून सांगावं, गाडी थांबवा म्हणावं. पण गाडी रात्रीच गेलेली. चाकणला आत्ता कुणीतरी त्यातली एखादी पिन बसवत असेल. डबीत बारा मायक्रॉन जाड पिन, आणि तिच्याबरहुकूम तिकडं अकराशे पिना. तिनं हातमोजे चढवले. बोटं आत ओली झाली होती.

साडेदहाला चाकणहून फोन आला. अकराला लक्ष्मणराव शेडात आले. आवाजाआधी माणूस दिसला, तेव्हाच सगळ्यांना कळलं काहीतरी बिनसलंय. दुपारी चाकणच्या कंपनीचा माणूस आला, गणराज नावाचा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत चार पिना.

"एकही बसत नाहीये. आमची लाइन पाऊण तास बंद होती. सगळा लॉट परत येतोय. कुणी तपासला?"

किसन पुढं झाला. "मी, सर. पर डायल बरूबर लावला होता."

"बरोबर लावला असता तर अकराशेच्या अकराशे सारख्याच चुकल्या असत्या का?"

"आरं, हात चालतो तसं डोस्कं चालवायचं!" लक्ष्मणराव किसनवर गरजले. वरच्या पत्र्यावरचं कबूतर उडालं. मग ते कस्तुराकडं वळले आणि आवाज एकदम खाली आला. "सायेब, ह्या बाईला इचारा. आमची ख्रिश्चन बाई हाय. बारा वर्सांत खोटं बोलली न्हाई."

गणराजनं चष्मा वर सरकवला. "मॅडम, तुमचा मास्टर बरोबर आहे ना?"

मशिनं बंद होती. शेडात असली शांतता कस्तुरानं कधी ऐकलीच नव्हती. खरं सांगायला दोनच वाक्यं पुरली असती. खरं सांगितलं तर हे लोक काय म्हणतील? ख्रिश्चन बाई, देवाच्या नावानं चोरी करते. तिच्या एकटीमुळं देवाच्या नावाला डाग. देवाची इज्जत राखायची तर गप्पच बसायला हवं, नाही का?

"मास्टर बरोबर आहे," ती म्हणाली.

आणि होताच. रहाटणीला, शोकेसमध्ये, अगदी बरोबर होता.

"मग झालं," गणराज म्हणाला. "मास्टर बरोबर, म्हणजे माणूस चुकला. अण्णा, उद्या सकाळी मी मास्टर लॅबला नेऊन तपासतो, कागद पूर्ण करतो. आणि या माणसाला आमच्या कामावर ठेवू नका."

किसन मशिनापाशी गेला. त्यानं मशिन पुसायला घेतलं. पुसून झालेलं मशिन त्यानं पुन्हा पुसलं. मग कस्तुराजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, मला खरं सांगा. काटा शून्यावर कसा आणायचा, ग्राइंडिंगवर बी मी बारा-बारा तास तेच करायलोय. इसरलो असेन का मी?"

"नाही रे."

"मग?"

ती डबी कपाटात ठेवायला वळली. आता मास्टर आणून डबीत ठेवला तर लॅबमध्ये तो बरोबर निघणार, आणि किसनच्या कपाळावर शिक्का बसणार. नाही आणला तर तिच्या. मधला रस्ता तिनं घरी येईपर्यंत शोधला. तो कुठल्याच गल्लीतून जात नव्हता.

संध्याकाळी तिनं सासूला सगळं सांगितलं. छबूबाईनं ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला.

"मी चांगलं न्हे म्हनलं. मालकाचं न्हे म्हनलं व्हतं का? कोंबडा आपल्याच खुराड्यातला पायजे, कस्तुरे. पाटलाच्या खुराड्यातला उचलून न्हेला तर त्ये अर्पन न्हाई, चोरी."

"देवाचं नाव जाईल, आई."

"देवाचं?" म्हातारीनं कोपऱ्यातल्या चपला पायानं पुढं सरकवल्या. "त्याला लोकांनी उघडा करून खिळ्यांवर टांगला, तवा गेलं न्हाई त्याचं नाव. तुज्या पिनंनं जाईल? जा. चपला घाल."

रहाटणीला कुसुमताईनं दार उघडलं. कस्तुरानं उंबऱ्यातच सांगितलं, चहाची वाट न बघता. चोरी केली, तुमच्यापुढं मिरवायचं म्हणून केली, हेही सांगितलं. ते सांगताना मात्र आवाज फाटला. कुसुमताईचं हसू विरलं. ती आत गेली आणि मास्टर घेऊन आली.

"मी विचारणारच होते तुला," ती हळू म्हणाली. "सकाळपासून असं झालंय त्याला."

दोन दिवस भरत आले होते. पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत अख्खी मंडळी त्या पिनेवर उमटली होती. तांबूस, बारीक रेघांची बोटं, एकावर एक. आणि मधोमध, सगळ्यांत गडद, चिमटीत धरलेले दोन ठसे. ते कुणाचे, हे कस्तुराला कुणी सांगायची गरज नव्हती.

मंगळवारी गणराज आला तेव्हा डबी टेबलावर होती. कस्तुरानं हात पुढं केला.

"साहेब, थांबा. डबीतला मास्टर नाही. मास्टर हा आहे." तिनं रुमाल उलगडला. "शनिवारी मी नेला. आमच्या सणाला, देवाला वाहायला. त्याच्या जागी लाल पेटीतली पिन ठेवली. किसननं डायल बरोबर लावला होता. काल मी बोलले ते शब्द खरे होते, पण तुम्हाला खोटंच सांगितलं."

लक्ष्मणरावांनी गंजलेला मास्टर उचलला. उजेडाकडं फिरवला. त्यांचा आवाज येईल म्हणून सगळ्यांनी खांदे आवळले. आवाज आलाच नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

"कस्तुराबाई," ते म्हणाले, "तुमच्या देवाला आमचा मास्टर कशाला लागला? त्याच्याकडं सोताचा न्हाई?"

"त्याला नव्हता लागला, अण्णा. मला लागला. मिरवायला."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. कस्तुरानं मान खाली घातली नाही. घालावीशी वाटत होती.

"किल्ली."

तिनं कमरेची किल्ली काढली. बारा वर्षांत कापडाला भोक पडलं होतं तिथं. लक्ष्मणरावांनी ती घेतली, आणि तिच्याकडं न बघता किसनच्या हातात ठेवली.

"सायेब, ह्या गड्याचं नाव कागदावरनं काढा. मास्टर नवा करून आनतो. तवर शेजारच्या शेडातला मागून घेतो, आन् अकराशे पिना परत ग्राइंडिंग करून देतो. बाई..." त्यांनी मोरीकडं बोट केलं. "बाई धुवायला बसतील. खाली."

खाली म्हणजे मोरीपाशी. तिथं स्टूलही नाही, नुसता पाट. किसन ग्राइंडिंग करायचा, नवी पोरगी डायलशी बसलेली, आणि कस्तुरा रॉकेलच्या ट्रेमध्ये एकेक पिन धुवायची, पुसायची, तेलात बुडवायची, कागदात गुंडाळायची. तीन दिवस. रॉकेलनं हातमोज्यांतून आत शिरून चामडी पांढरी केली. येता-जाता कुणीतरी विचारायचं, "ताई, आज देवाला काय नेणार? ट्रे न्या की!" पहिल्या दिवशी कान तापायचे. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ट्रे जड आहे रे. धरू लागतोस का?" तिसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही.

एक मात्र होतं. पिन पुसताना काय वाटायचं ते कुणाला दिसत नव्हतं. पाळकसाहेब नव्हते, कुसुमताई नव्हती, खिडकीत ऊनही नव्हतं. नऊशे, नऊशे एक. तिचे ओठ हलायचे, ते मोजत होते की दुसरं काही, हे शेजारच्या नळालाही कळलं नसतं.

शुक्रवारी शेवटची पेटी भरली. लक्ष्मणराव आले, फडक्यानं एक पिन उचलली, कागद सोडून उजेडाकडं धरली. बराच वेळ तिरपी करून बघितली. दुसरी घेतली. पाच-सहा बघितल्या.

"कुटंच बोट न्हाई," ते म्हणाले. "कुनी केलंय, कळायचं बी न्हाई."

"नाही कळायचं, अण्णा."

ते घुटमळले. मग खिशातून गंजलेला मास्टर काढून तिच्या पाटाशेजारी ठेवला. "ह्याचं काय करू? भंगारात टाकू?"

"मला द्या."

"कशाला? परत देवाला?" आवाज चढायला लागला होता.

"हो. आता तो लाल पेटीतलाच आहे. नियमानं नेता येतो."

लक्ष्मणरावांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग जोरात खाकरले, टेबलावरून गेटपासचं पुस्तक ओढलं, उभ्या उभ्या लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते, त्यामुळं शेडाला, मोरीला आणि बहुतेक चाकणलाही ऐकू गेलं. "पिन, नग एक. गंजलेली. कुठं चालली... देवाकडं." ते थांबले, पेन हवेत. "खाली दोन खाने हायत बाई. माल परत येनार का न्हाई येनार?"

"नाही येणार."

त्यांनी खूण केली, कागद फाडला, तिच्यापुढं धरला. कस्तुरानं ओला हातमोजा ओढून काढला आणि मास्टर उघड्या हातात घेतला.